मजबूत तट

दमयंतीबाईंनी रेवदंड्याच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, आणि तोही पोर्तुगीजांच्या तटाला लागून असलेल्या वर्गात. त्यामुळे सौदीत दम्मामला लेकीकडे आल्यावर, जवळच्याच एका बेटावर जुना बंदरी किल्ला आहे हे कळलं तेव्हापासून त्यांनी जावयाचं डोकं खाल्लं होतं. दोन महिन्यांत सगळे मॉल झाले, समुद्रकाठच्या कॉर्निशवर फिरणं झालं, किल्ला मात्र दर शुक्रवारी पुढच्या शुक्रवारवर ढकलला गेला. आता परतीचं विमान उद्यावर आलं होतं. लेकीची, विभाची, हॉस्पिटलात ड्यूटी, म्हणून उन्मेष एकटाच सासूबाईंना घेऊन पूल ओलांडून बेटावर आला. पाहतो तर किल्ल्याच्या दाराला भलंमोठं कुलूप.

"खलास, आई. डागडुजी चाललीय," तो म्हणाला. "बाहेरूनच फोटो काढू."

बाई कसल्या हलतायत! त्या मान वर करून बघतच राहिल्या. समुद्रातून काढलेला भुरकट दगड, मधूनमधून खजुराच्या खोडांचे वासे, आणि गोल बुरूज असे ऐसपैस बसलेले, जसे गावातले वडीलधारे ओट्यावर बसतात. गिलावा पडला होता तिथे शिंपले चमकत होते. आपल्याकडचा काळा दगड पाहणाऱ्याला दरडावतो. हा दगड मऊ दिसत होता आणि तरीही शेकडो वर्षं खाऱ्या वाऱ्याला पुरून उरला होता. बाईंना भरून आलं.

तेवढ्यात राखणदार आले. अबू जाफर त्यांचं नाव. पांढरा झगा, डोक्याला रुमाल, आणि बोलायला माणूस मिळाल्याचा उघड आनंद. उन्मेषला इतक्या वर्षांत अरबी बऱ्यापैकी येत होती. या इतिहासाच्या शिक्षिका, हिंदुस्थानातून आल्यात, असं त्याने सांगितलं मात्र, म्हाताऱ्याने तावातावाने किल्ल्याची हकीकत सुरू केली. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी तटावर तळवा ठेवला, दोनदा थोपटलं आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "मजबूत."

अबू जाफर बोलता बोलता थांबले. त्यांचा चेहरा खुलला. खिशातून किल्ली काढून त्यांनी लगेच दार उघडलं, दोघांना आत घेतलं, आणि बुरुजाच्या जिन्याची किल्ली आणायला ते शेजारच्या घरी गेले.

आत गारवा होता. बाई एकेका कोनाड्यात डोकावत होत्या आणि उन्मेष हसत होता. त्याने सांगितलं ते असं: लोक म्हणतात हा किल्ला पोर्तुगीजांचा, पण माझे आजोबा म्हणायचे तो आमच्याच माणसांनी बांधला, असं अबू जाफर सांगत होते, आणि नेमक्या त्याच क्षणी बाई बोलल्या. अरबीत 'मजबूत' म्हणजे 'अगदी बरोबर'. शिक्षिकेने शिक्कामोर्तब केलं, म्हणून दार उघडलं.

बाईंचा चेहरा पडला. "त्यांना खरं काय ते सांगा, उन्मेषराव."

वरून उतरल्यावर सांगू, तो म्हणाला, उद्या तुमचं विमान आहे. बाईंनी जिन्याकडे पाहिलं. वरून समुद्र दिसणार होता, जुनं बंदर दिसणार होतं. याचसाठी दोन महिने हट्ट धरला होता. पुन्हा या वयात येणं होईल की नाही, कुणास ठाऊक. त्यांना खरोखर मोह झाला.

"आधी सांगा," त्या म्हणाल्या.

अबू जाफर परतले तेव्हा उन्मेषने अडखळत सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचं हसू मावळलं. किल्ली मुठीतच राहिली. मग कोणी बांधला, त्यांनी बाईंनाच विचारलं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या, आणि उन्मेषने ते अरबीत सांगितलं.

अबू जाफर सावकाश बोलले, आणि उन्मेषने ते शब्दाला शब्द मराठीत आणलं: "इथे येणारा प्रत्येक जण मला माझा किल्ला कोणाचा ते शिकवून जातो. शिकलेली असून माहीत नाही म्हणणारी बाई पहिल्यांदाच आली."

त्यांनी जिन्याचं कुलूप काढलं आणि बाईंना पुढे जाऊ दिलं.

वर भन्नाट वारा होता. खाली खजुराच्या बागा, त्यांच्यापलीकडे उथळ हिरवा समुद्र, मासेमारीच्या होड्या. इतकं देखणं बाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. उन्मेष फोटो काढायला वळला, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तीस वर्षं, उन्मेषराव," त्या म्हणाल्या, "माहीत नाही म्हणणाऱ्या प्रत्येक पोराला मी बाकावर उभं केलं."