डावीकडची सीट

गुलाबरावांनी शेवटी झोटवाड्याच्या भंगारवाल्याला फोन केलाच. त्याचा टेम्पो संध्याकाळी यायचा होता. तोवर गाडी धड चालली तर ठीक, नाहीतर घेऊन जा म्हणायचं.

गाडी म्हणजे जुनी विलायती एमजी. दोन सीटची, छप्पर उघडणारी. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिचा गंजका सांगाडा घरी आणला, अन् नवराबायकोनं मिळून तो उभा केला. पत्रा त्यांनी ठोकला, सीटा रत्नमालाबाईंनी शिवल्या. पहिली चक्कर कानोत्याच्या धरणावर मारायची, हे बाईंचं ठरलेलं. इंजिनाचं काम तेवढं राहिलं, अन् फेब्रुवारीत बाई गेल्या.

गुलाबरावांनी एकट्यानं इंजिन बसवलं. ते सुरू व्हायचं, पण पाय काढला की थरथरून बंद पडायचं. त्याला कार्बोरेटर दोन. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी अन् दुसरं कानाला लावायचं, दोन्हीकडचा आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. गुलाबरावांना आवाज सारखा यायचा. इंजिन काही मानायचं नाही.

दुपारी मुलगी सुवर्णा डबा घेऊन आली.

"बाबा, मम्मीनं शिवलेल्या सीटापण भंगारात देणार?"

"सीटा काढून ठेवीन."

"अन् बसणार कुठं त्यांच्यावर? बाल्कनीत?"

गुलाबराव इंजिनावर वाकले. पुढच्या कार्बोरेटरची नळी डाव्या कानाला, मागच्याची उजव्या कानाला.

"कान का बदलता?"

"जो जवळ पडेल तो लावायचा. त्यात काय?"

"मतलब, उजव्यानं तुम्हाला येतंच कुठं ऐकू?"

"कोण म्हणतं?"

"कोणी म्हणायला कशाला पाहिजे? मम्मी कायम तुमच्या डाव्या हाताला बसायची. जेवताना, रिक्षात, लग्नात. मला पण सांगून ठेवलेलं, बाबांशी इकडून बोल."

गुलाबरावांच्या हातातली नळी तशीच राहिली. डिझेल शेडच्या गोंगाटात सारी नोकरी गेली, पण कान गेला हे त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं. बाईंची डावीकडे बसायची सवयच आहे, असं ते धरून चालले होते. तोंडानं एकदाही बोलल्या नाहीत.

त्यांनी नळी सुवर्णाकडे दिली.

"तू ऐक."

तिनं दोन्हीकडे ऐकलं. "मागचं कुकरसारखं ओरडतंय. पुढचं नुसतं फुसफुसतंय!"

म्हणजे उजव्या कानाला बारीक ऐकू यायचं, म्हणून ते मागचा स्क्रू उघडतच गेले होते. आता त्यांनी तो बंद करत आणला.

"अजून. अजून. थोडं उलटं... बस! बस, बाबा!"

इंजिनाची थरथर थांबली, अन् ते एका लयीत चालू राहिलं. गुलाबरावांनी हात पुसले, पुसलेलेच परत पुसले.

टेम्पो दारात येऊन थांबला. भंगारवाला खाली उतरला. "बाऊजी, उठा लें?"

"नहीं भैया. चाय पीओ और जाओ."

"बुलाया किसलिए था फिर?"

"गलती हो गई. कान की."

तो चहा पिऊन, पुटपुटत गेला. सुवर्णा डावीकडच्या सीटवर जाऊन बसली. गाडी गल्लीतून बाहेर पडून कानोत्याच्या रस्त्याला लागली, तशी ती वाऱ्यात ओरडली, "बाबा! ब्रेक लागतात ना?"

"लागतात," गुलाबराव म्हणाले. "अन् ओरडू नको. तिथून मला सगळं ऐकू येतं."