मास्तरची कंबर

माझ्या भावाच्या कंबरेला काहीही झालेलं नाही. आधीच सांगून टाकते, कारण ही कंबर ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय.

त्याला डिप्रेशन आहे. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, गोळ्या सुरू केल्या आणि म्हणाल्या, काम सोडू देऊ नका, माणसांत राहू द्या. आणि आमच्या आईने काय करावं? दुकानात फोन करून ठोकून दिलं, "कंबर धरलीय त्याची." का, तर म्हणे मनाचा आजार म्हटलं की लोक वेडा म्हणतात, उद्या मुलगी कोण देईल?

मग काय विचारता! शेजारच्या काकू मलम घेऊन हजर. मामाने पट्टा पाठवला. भाऊ शिंप्याच्या दुकानात कटिंग मास्तर आहे, म्हणजे दिवसभर उभ्याने कापड कापायचं काम. शेठ मनाने चांगले, तिथेच तर घात झाला. त्यांनी कटिंगचं टेबल दुसऱ्याला दिलं आणि याला खुर्चीत बसवून बटणं लावायला दिली. कंबरेला आराम हवा ना! अरे देवा, ज्याला जेवण नको, बोलणं नको, त्याला तेवढं कापणं हवं होतं. तेच काढून घेतलं. आठवडाभरात तो दुकानात जायचाच थांबला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

काल मात्र माझा संयम सुटला. त्याला आंघोळीला पिटाळलं आणि हाताला धरून दुकानात नेलं. आई मागून ओरडत होती, "तोंड उघडलंस तर याद राख!"

उघडलंच. सगळ्यांदेखत शेठना म्हटलं, "कंबर ठणठणीत आहे. त्याला डिप्रेशन आहे, औषध चालू आहे. त्याचं टेबल त्याला परत द्या."

मशिनी थांबल्या. शेठ माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "अहो ताई, पण त्याच्या हातात कात्री द्यायची?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काम कसलं आहे ते डॉक्टरांना माहीत आहे, त्यांनीच पाठवा म्हणून सांगितलंय. आणि तो समोर उभा आहे ना? मग मला काय विचारता? त्याला तोंड नाही?"

शेठ वरमले. भावापाशी गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, खरं सांग. झेपेल?"

त्याच्या वतीने मीच तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊच बोलला.

"रोज नाही झेपणार. काही दिवस हातच उचलत नाही. त्या दिवशी कात्री नका देऊ. पण घरी पाठवू नका, शेठ. मला इथेच बसू द्या, तुमच्यात."