आडवी बस

वर्लीन टकेटने स्टिअरिंग गरागरा फिरवलं आणि शाळेची पिवळी बस रस्त्यावर आडवी घातली. पुढची चाकं उजव्या कडेच्या खडीवर आली, मागची डाव्या. मग तिने लाल दिवे लावले, मुलं उतरताना सगळ्या गाड्यांना थांबवणारी बाजूची ‘थांबा’ची पाटी बाहेर काढली आणि हँडब्रेक ओढला.

मागे साखरेच्या बीटने भरलेले ट्रक एकामागून एक थांबले. हंगाम ऐन भरात होता. गेल्या आठवड्यात याच जागी, याच लाल दिव्यांसमोरून एक ट्रक भरधाव निघून गेला होता. तिसरीतली टिल्डा तेव्हा नुकतीच रस्त्यात उतरली होती. वाऱ्याच्या झोताने ती खाली बसली, एवढंच. वर्लीनने तक्रार केली, तर पोलीस चौकीतल्या माणसाने विचारलं होतं, “ड्रायव्हरचा चेहरा दिसला का?”

पहिल्या ट्रकमधला ड्रायव्हर उतरून खिडकीखाली आला.

“बाई, डोकं फिरलंय का? कारखान्यावर आमची रांग चुकतेय!”

“दिवे लाल आहेत.”

“एक पोर उतरवायला अख्खा रस्ता अडवायचा?”

“नुसती पाटी काढून सतरा वर्षं बघितलं. तुम्हाला वाचता येत नाही, त्याला मी काय करू?”

“तक्रार करीन तुमची!”

“करा. बसचा नंबर मागे लिहिलाय. माझा चेहराही नीट बघून घ्या, चौकीत विचारतात.”

तेवढ्यात वायरलेस खरखरला. डेपोतून ड्वेनचा आवाज आला. “वर्लीन, काय चालवलंयस? फोनवर फोन येतायत. बस सरळ कर. नोकरी जाईल अशाने.”

“जाऊ दे,” ती म्हणाली आणि बटण बंद केलं.

टिल्डा दप्तर पाठीला लावून दारापाशी येऊन उभी राहिली. बाहेर आता सगळेच हॉर्न वाजवत होते. त्यातच मागून एक घोगरा, लांबलचक हॉर्न सुरू झाला. तो थांबेचना.

टिल्डाने मान वळवली.

“तो आमच्या पिकअपचा हॉर्न आहे, मिस वर्लीन.”

“नक्की?”

“बाबांचाच. दुपारपाळीला उशीर झाला असेल.”

वर्लीनचा हात दाराच्या दांड्यावर होता. तो तिथेच राहिला.

“ट्रकचं सांगितलं होतंस घरी?”

“हो. बाबा म्हणाले, रस्ता ओलांडताना जोरात पळायचं.”

हॉर्न पुन्हा किंचाळला. वर्लीनने आरशात पाहिलं. ट्रकच्या रांगेआडून पिकअपचं फक्त निळं टप दिसत होतं.

“करू का बस सरळ?” तिने विचारलं.

टिल्डाने दप्तराचे पट्टे घट्ट धरले.

“नको.”

वर्लीनने दार उघडलं. टिल्डा पायऱ्या उतरली, पहिल्या ट्रकसमोरून, बसच्या कडेने रस्त्यावर आली. मधल्या पिवळ्या पट्ट्यावर ती थांबली. आधी इकडे पाहिलं, मग तिकडे, ट्रकच्या रांगेकडे. शेवटच्या निळ्या पिकअपपर्यंत.

हॉर्न मध्येच तुटला.

रस्त्याचा उरलेला अर्धा भाग ती चालत गेली.