भिंतीतलं खाणं

माझी बायको झुल्मिरा गेल्यावर मी घरी शेगडी पेटवली नाही. भूक लागली की खाली उतरायचो आणि वगीहच्या भिंतीतून खायचो.

वगीहचं खाण्याचं दुकान आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर आहे. त्याच्या रस्त्याकडच्या भिंतीत काचेच्या दारांचे छोटे कप्पे आहेत, एकावर एक, ओळींनी. नाणं टाकायचं, दार ओढायचं, आतलं गरम क्रोकेट, म्हणजे मांसाचं सारण भरून तळलेला रोल, उचलायचं आणि तिथेच उभ्याने खायचं. आमच्या मोहल्ल्यात तुर्क आहेत, मोरोक्कोचे आहेत, सुरिनामचे हिंदुस्तानी आहेत, आम्ही केप व्हर्दहून आलेले खलाशी आहोत, आणि रॉटरडॅमचे जुने गोरेही आहेत. एकमेकांच्या घरी जेवायला जायचं म्हणजे चार गोष्टी विचाराव्या लागतात. भिंतीपाशी काही विचारावं लागत नाही.

कप्पा रिकामा झाला की पलीकडच्या स्वयंपाकघरातून एक हात येतो आणि नवीन क्रोकेट ठेवून जातो. चेहरा दिसत नाही. कप्पा हाताएवढाच असतो.

तो हात कित्येक वर्षं माझ्या बायकोचा होता. मी बंदरातून सुटलो की भिंतीपाशी यायचो, कोपऱ्यातला सगळ्यात खालचा कप्पा उघडायचो आणि वाकून म्हणायचो, "बाई, मीठ कमी आहे." आतून ती म्हणायची, "मग समुद्रावर जाऊन खा." रोजचंच होतं हे. नंतर नंतर मागे उभे असलेले लोक हसायचेसुद्धा नाहीत.

मार्चमध्ये तिला पुरलं. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी मी भिंतीपाशी उभा होतो. पाऊस बारीक लागला होता. खालच्या कप्प्यातलं क्रोकेट घेतलं, चावा घेतला, आणि रिकाम्या कप्प्यात हात आला.

डाव्या हाताची करंगळी आत वळलेली. लहानपणी मासे साफ करताना सुरी लागली होती तिला, तेव्हापासून ती करंगळी सरळ होत नव्हती. बोटात आमची अंगठी. ती अंगठी मी शवपेटीत तिच्याबरोबर ठेवली होती, माझ्या डोळ्यांदेखत झाकण लावलं होतं.

हाताने क्रोकेट ठेवलं, बोटाने जरा सरळ केलं आणि तो गेला.

मी ओरडलो नाही. खिशात नाणी होती ती काढली आणि शेजारचा कप्पा उघडला. हात आला. वरचा उघडला. हात आला. असं करत राहिलो. क्रोकेटं माझ्या कोटाच्या खिशांत, बगलेत, टोपीत. मागून एक तुर्क मुलगी म्हणाली, "आजोबा, आमच्यासाठी काही ठेवणार का?" मी तिच्या हातात चार क्रोकेटं दिली. ती घाबरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वगीहने मला धरलं. वगीह इजिप्तचा, पन्नाशीचा, ख्रिस्ती. पोट मोठं आणि आवाज त्याहून मोठा.

"काय शेजारी, काल मेजवानी होती म्हणे. मला बोलावणं नाही?"

"वगीह, मागे कामाला कोण ठेवलंय?"

त्याचा आवाज एकदम उतरला. "आत या," म्हणाला.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. फरशी लख्ख होती. कढईतलं तेल गरम होतं.

"कुणी नाही ठेवलं," वगीह म्हणाला. "मी सकाळी येतो तर तेल तापलेलं. मी पाठ वळवतो तर कप्पे भरलेले. आतून काही दिसत नाही, शेजारी. मी इथे स्टुलावर बसून पाहिलंय. शिंक आली, डोळे मिटले, उघडले, झालं, भरलेलं. मग मी मरियमची जुनी तसबीर लावली."

"बरं मग?"

"दुसऱ्या दिवशी तसबीर पुसून ठेवलेली! तिच्यावर माझ्या बापाच्या वेळचं तेल होतं. मला तर मरियम आईचा चेहरा पहिल्यांदाच नीट दिसला." तो हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. "तुमची झुल्मिराच ना ती? घाण सहन व्हायची नाही तिला."

मी हो म्हणालो. त्याने छातीवर क्रूस काढला आणि मला एक कॉफी दिली. त्या दिवसानंतर आम्ही दोघं त्याबद्दल बोललो नाही. त्याला भीती वाटत होती आणि त्याचं दुकान चालत होतं. मला भीती वाटत नव्हती.

खोटं कशाला सांगू, तो महिना मला चांगला गेला. सकाळी दाढी करायचो, शर्ट बदलायचो, खाली जायचो. क्रोकेट घ्यायचं, वाकून बघायचं. हात यायचा. मी म्हणायचो, "बाई, मीठ कमी आहे." उत्तर यायचं नाही, पण हात जरासा थांबायचा. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. खाऊन खाऊन पोट बिघडलं तरी मी खात होतो. घरी ताटं तशीच कपाटात होती, भांड्यांवर धूळ.

समोर सुर्जमती सेवपरसादचं कापडाचं दुकान आहे. सुरिनामची, सत्तरीपुढची, जिभेला हाड नाही. झुल्मिराची मैत्रीण. ती दुकानाच्या दारातून मला रोज पाहत होती. एक दिवस रस्ता ओलांडून आली.

"अदेलिनो, अरे किती खातोस? मेलास तर ती भिंत तुला खांदा देणार नाही."

"तुला चीजवालं पाहिजे का?"

"विषय बदलू नकोस. रंग बघ तुझा. कुत्र्याला असं जेवायला घातलं तर पोलीस येतात."

मी नाणं टाकलं, दार ओढलं, आणि तिला म्हणालो, "बघ."

हात आला. सुर्जमतीने माझी बाही धरली. ती किंचाळली नाही. चष्मा पुसला, वाकली, अगदी काचेला नाक लावून पाहिलं. हात गेला तरी ती वाकलेलीच होती.

"तिला भाजलंय," ती म्हणाली.

"काय?"

"मनगटावर. फोड आलाय, ताजा. तू इतके दिवस बघतोयस काय?"

मी करंगळी बघत होतो. अंगठी बघत होतो. मी पुन्हा नाणं टाकलं. या वेळी मनगट पाहिलं. तेलाचे फोड होते, एक पाणी भरलेला, एक फुटलेला. बोटांची टोकं सुजलेली. नखं निळसर. आणि हात थरथरत होता, दिवसभर उभं राहिलेल्या माणसाचा थरथरतो तसा. क्रोकेट ठेवताना ते एकदा सुटलं, तिने परत उचललं.

"मेलेल्या माणसाला नवीन कसं भाजेल?" मी म्हणालो.

"मला काय विचारतोस? तू रिकामं करतोस, ती भरते. तुला कळत नाही का ते?"

कळत होतं. त्या क्षणी कळलं असं नाही, आधीपासून कळत असावं. पण ती आत उभी होती, ते मला बरं वाटत होतं.

हे थांबवायला हवं म्हटल्यावर वगीहने लगेच मान्य केलं. कुणीतरी सांगायची तो वाटच बघत होता. आधी त्याने तेल बंद केलं, स्वयंपाकघराला कुलूप लावलं. त्या दिवशी लोकांनी कप्पे उघडले तर आत गोठलेली, दगडासारखी क्रोकेटं मिळाली, आणि तिच्या बोटांवर बर्फाचं पांढरं. ते बघवेना. तेल पुन्हा सुरू केलं. मग वगीह म्हणाला, "भरलेली भिंत बंद करू. सगळे कप्पे भरले की नाणी टाकायच्या फटींवर चिकटपट्टी. कुणी उघडणार नाही, तिला भरावं लागणार नाही. बसेल बिचारी."

तो पट्टी लावत गेला. मी शिडी धरली. लोक विचारत होते, तो म्हणत होता, "दुरुस्ती, दुरुस्ती. बटाटे खा, आत या." शेवटी कोपऱ्यातला खालचा कप्पा उरला.

"तो राहू दे," मी म्हणालो.

"शेजारी."

"एकच आहे, वगीह. दिवसातून एकदा."

त्याने पट्टीचं वेटोळं माझ्या हातात दिलं आणि तो आत गेला.

आता तिला एकच कप्पा होता. मला वाटलं होतं, तिला आराम मिळेल. दुसऱ्या दिवशी मी वाकलो. क्रोकेट कप्प्यात होतं आणि त्याच्यामागे हात होता. आधीच. जात नव्हता. कप्प्याच्या कडेवर बोटं टेकून तो वाट बघत होता, केव्हा रिकामं होतं याची. संध्याकाळी गेलो तरी तिथेच. दुसऱ्या सकाळी तिथेच. ती बसली नव्हती. पूर्ण भिंतीपुरती उभी होती ती आता माझ्या एका कप्प्यापुरती उभी राहिली होती.

त्या दिवशी मी उघडलं नाही. खिशातून पट्टी काढली, तुकडा फाडला. म्हटलं, लावतो आणि संपवतो. तर हात पुढे आला. दोन बोटांनी त्याने क्रोकेट माझ्या बाजूला ढकललं, काचेला टेकेपर्यंत. मी हललो नाही. त्याने पुन्हा ढकललं. क्रोकेटाचं वेष्टन काचेवर चुरगळलं. पुन्हा. घाईघाईने, आजारी पोराला भरवावं तसं.

मी पट्टी खिशात घातली आणि सुर्जमतीच्या दुकानात जाऊन बसलो. तिने पाणी दिलं.

"ती ढकलतेय," मी म्हणालो. "खा म्हणतेय. मी नाही घेतलं तर ढकलतच राहते."

सुर्जमती कापडाची घडी घालत होती. "घरी शेवटचं कधी शिजवलंस?"

"मी कधी शिजवतो?"

"तेच. ती तुला ओळखते. भिंतीतून नाही मिळालं तर तू उपाशी मरशील, हे तिला माहीत आहे. कशी जाईल ती?"

"मग मी सांगतो तिला, मी जेवलोय."

"सांग. इतक्या वर्षांत तुझं एक तरी खोटं तिच्याकडे चाललंय का?"

नव्हतं चाललं.

मी बाजारात गेलो. मका घेतला, घेवडा घेतला, रताळं, कोबी, सॉसेज. केप व्हर्दचं एक म्हातारं कुटुंब तिथे गाडी लावतं, त्या बाईने विचारलं, "अदेलिनो, काशुपा करणार? तू?" आणि नवऱ्याला हाक मारली बघायला. काशुपा म्हणजे आमच्या बेटांवरचं मक्याचं कालवण; त्यासाठी मका आणि घेवडा रात्रभर भिजत घातला. सकाळी मोठं पातेलं धुतलं, शेगडी पेटवली. किती वेळ लागतो ते मला माहीत नव्हतं. खालचं लागलं. रताळं विरघळून गेलं. मका मात्र कडक राहिला. चव घेतली तर नुसता मका आणि धूर. तरी एक वाडगा भरून घेतला, वर झाकण ठेवलं, चमचा घेतला आणि खाली उतरलो.

दुपार होती, ऊन होतं, रस्त्यावर लोक होते. मी भिंतीपाशी फूटपाथवर बसलो, म्हणजे कप्पा तोंडासमोर आला. हात होता. क्रोकेट काचेला टेकवून धरलेलं, थंड झालेलं, त्यावर चरबीची साय. मी आधी फटीवर पट्टी लावली. हात हलला, ढकलायला लागला.

"थांब," मी म्हणालो. "हे बघ."

मी झाकण काढलं. वाडगा काचेजवळ धरला. वाफ काचेवर बसली. हात थांबला.

मी खायला लागलो. मका दाताखाली करकरत होता. वगीह दारात येऊन उभा राहिला, सुर्जमती तिच्या दारात. एक माणूस कुत्रा घेऊन चालला होता, तो म्हणाला, "आजोबा, बरं आहे ना?" वगीह म्हणाला, "जेवताहेत ते. जाऊ द्या."

मी हाताकडे बघत होतो. प्रत्येक घासाला बोटं जरा सैल पडत होती. आधी करंगळी कडेवरून सुटली. मग क्रोकेटावरची दोन बोटं. ते मला दिसलं आणि मी सावकाश खायला लागलो. एक दाणा, मग एक दाणा. चावून चावून पाणी झालं तरी गिळत नव्हतो. हात वाट बघत होता. फोड तसेच होते. थरथर तशीच होती. ती दमली होती आणि मी तिला आणखी उभी करत होतो, मला दिसत होतं ते.

वाडग्यात शेवटचा चमचा राहिला. तो मी भरला आणि धरून बसलो.

"आवर आता," पलीकडून सुर्जमती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"मीठ कमी आहे," मी कप्प्याला म्हणालो. "जळलंय पण. उद्या जरा आधी उतरवेन."

मग मान खाली घातली आणि खाल्लं. वाडगा पुसून घेतला बोटाने, तेही खाल्लं.

मान वर करायला मला बराच वेळ लागला. केली तेव्हा कप्प्यात थंड क्रोकेट होतं आणि त्याच्यामागून सरळ स्वयंपाकघर दिसत होतं, पांढऱ्या फरशा, खिडकीतून आलेलं ऊन. मी पट्टी काढली, नाणं टाकलं आणि क्रोकेट काढून घेतलं. रिकाम्या कप्प्यासमोर मी बसून राहिलो. वगीहही आला, माझ्या शेजारी अवघडून बसला. आम्ही दोघं आत बघत होतो.

तो रिकामाच राहिला.