चित्राखालचं नाव

पांडुरंगराव ड्रॉइंग मास्तर रिटायर झाले आणि आदिलाबादेत दर रविवारी व्यंगचित्रांचा वर्ग घ्यायला लागले, तेव्हा लोकांनी टिंगल केली. वर्षभर टिकली दोघंच. कापसाच्या मार्केटातला कारकून मारोती आणि विठ्ठलरावांची सून चारुलता. सरांनी दोघांना सर्टिफिकेट दिलं आणि दोघांचं एकेक चित्र पुण्याच्या नामांकित मासिकाकडे धाडलं.

विठ्ठलराव म्हणजे तहसिलीतले जुने पेशकार, साहेबापुढं कागद मांडणारे. लोकांची तोंडं वाकडी काढायची, हे काय शिक्षण झालं, असं त्यांचं म्हणणं. तरी त्यांनी सुनेला शब्द दिला होता. "त्या मासिकात तुह्यं नाव आलं, तर खुशाल काढत बस. नाही आलं, तर हे सारं बंद." चारुलता कबूल झाली आणि तेव्हापासून जीव मुठीत धरून बसली बिचारी.

अंक आला. ओसरीवर वाचता वाचता विठ्ठलराव एकाएकी पोट धरून हसायला लागले. चारुलता हात पुसत धावली. चित्र तिचंच! पण पानावरच्या दोन्ही चित्रांखाली नाव एकच छापलेलं, मारोती. तिला रडूच कोसळलं.

तेवढ्यात मारोती सायकल टाकून आला. "काकाजी, वरचं चित्र चारूताईचं हाये. पुण्यावाल्यांनी घोळ केला."

"दोस्तीत बोलून राह्यला तू," विठ्ठलराव म्हणाले. "कागदावर हाये तेच खरं. आमी जिंदगीभर कागदच पाह्यले."

एका वाक्यात निकाल लागला असता, पण ते बोलायचं कुणी? चित्रात भल्यामोठ्या नाकाचा एक म्हातारा होता. खाली लुंगी, वर बंद गळ्याचा कोट, हातात फोन आणि समोरच्या भिंतीला वाकून सलाम. फोनवर हैद्राबादच्या साहेबाचा आवाज आला, की विठ्ठलराव अगदी असेच "एक मिनिट" म्हणून आधी कोट चढवायचे, मगच पुढं बोलायचे. घराबाहेर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आता सुनेनं सासऱ्याला तोंडावर सांगावं, की अहो, हे तुम्हीच? छे!

विठ्ठलरावांनी चष्मा सारखा केला, पुन्हा हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. चित्रातल्या कोटाचं तिसरं बटण गायब होतं. त्यांनी आत खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं. मारोती तर कधी ओसरीच्या आत आला नव्हता. त्यांचे कान लाल झाले. गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? अब्रूही वाचली असती आणि सुनेची चित्रंही बंद झाली असती.

"कागद आण," ते खेकसले.

मग अस्सल पेशकारी थाटात त्यांनी संपादकांना लिहिलं. "चित्रातील इसम मी स्वतः. फोन माझा, कोट माझा. हा प्रकार घरच्यांखेरीज कोणी पाहिलेला नाही. सबब चित्र माझी सून चारुलता हिचेच, अशी तस्दीक करतो. पुढील अंकात नाव दुरुस्त करावे." खाली सही ठोकली, मारोतीची साक्ष घेतली.

चारुलता डोळे पुसता पुसता हसायला लागली.

"हासून काय राह्यली? पुढच्या चित्रात माह्यं नाक लहान काढजो!"