जळालेला बोंबील

करोनाच्या दुसऱ्या लाटेत अख्ख्या धाकट्या डहाणूत माझ्याइतकी घाबरट बाई शोधून सापडली नसती. मी ते कधी लपवलंही नाही. नळावर कुणी शिंकलं की मी हंडा उचलून मागे सरकायचे आणि शिंकणारीला चार गोष्टी ऐकवायचे. शेजारच्या चंद्रिकाला तर मी पाण्याच्या रांगेतून सगळ्यांदेखत घरी पाठवली. मिरच्या कुटल्या म्हणून खोकला येतोय, असं ती बिचारी ओरडून सांगत होती. मी ऐकून घेतलं नाही. त्याच आठवड्यात माझा मुलगा सुरज बोटीवरून आला, दोन दिवस अंग कसकसतंय म्हणून पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी उठून जेवायला बसला. त्याला मी उन्हाचा ताप म्हटलं. दुसऱ्याच्या घरात शिरतो तो करोना आणि आपल्या घरात येतं ते ऊन, असं माझं शास्त्र होतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

मी सुकी मासळी विकते. पावसाळ्यात आमच्या बोटी बंद आणि डोंगरातल्या लोकांना चिखलातून बाजार गाठणं कठीण, म्हणून मे महिन्यात त्यांच्या घराघरांत बोंबील आणि जवळा भरून ठेवतात. तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावर मी बावीस वर्षं जाते. तिथे रखमी राहते. पहिल्या वर्षी तिने मला फक्त पाणी दिलं होतं. दुसऱ्या वर्षी भाकरी दिली. मग ठरूनच गेलं, तिची नाचणीची भाकरी, माझा बोंबील, तिच्याच चुलीच्या निखाऱ्यावर भाजायचा आणि एका ताटात बसून खायचा. तिथे जेवल्याशिवाय मी कधी परतले नाही.

त्या मे महिन्यात रखमीची सून योगिता बाळंतीण होती. मुलगा होऊन बारा दिवस झाले होते. बाळंतिणीसाठी म्हणून मी बांबूवर वाळलेले सगळ्यात पांढरे, कडक बोंबील वेगळे बांधून घेतले. तोंडाला दोन मास्क लावले, वरून पदर घेतला आणि आमच्या आळीतल्या दिपकच्या टेम्पोत बसले. वाटेत आशागडला एका बाईने हात केला, तर तिच्या तोंडाला काही नव्हतं म्हणून मी दिपकला टेम्पो थांबवूच दिला नाही.

पाड्याच्या तोंडाशी दोन बांबू आडवे बांधलेले होते. सुक्या नावाचा माणूस काठी घेऊन बसला होता. दरवर्षी माझ्याकडून मूठभर जवळा जास्त घेणारा हा सुक्या, त्या दिवशी उठलासुद्धा नाही.

"बंदरच्या बाया नको. बैठकीत ठरलंय."

"अरे, मी काय नवीन हाय का?"

"नवीन नाय म्हणून तर गोड बोलतोय. जा."

मी टोपली उचलणार तेवढ्यात रखमी आली. बातमी तिला कुणी दिली कोण जाणे. तिने सुक्याला विचारलंच नाही, सरळ बांबूला हात घातला.

"ही बाहेरची नाय. माजी बहीण हाय. काय झालं तर मना विचारा."

सुक्याने काठी बाजूला केली, पण चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बोललीस ते ध्यानात ठेव."

मला तेव्हा इतका अभिमान वाटला की काय सांगू. बावीस वर्षांत मला त्या पाड्यावर कुणी बहीण म्हटलं नव्हतं.

आठ घरं झाली. रखमीचं घर शेवटचं. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मगच बाळ मांडीवर घेतलं. इथपर्यंत मी शहाणी होते. मग बाळाने डोळे उघडले आणि मला वाटलं, याने माझं तोंड बघावं. बारा दिवसांच्या पोराला काय दिसतंय! पण मी दोन्ही मास्क हनुवटीखाली ओढले, त्याच्या गालाला गाल लावला आणि त्याच्या टाळूवर नाक टेकवलं. तेल चोळून, शेक देऊन नुकतंच आणलेलं पोर. मला कसलाच वास आला नाही. सकाळपासून मास्कमध्ये कोंडून नाक बधिर झालं असेल, असं मनात आलं आणि गेलं.

रखमी ओट्यामागे पाणी आणायला गेली होती. मी चुलीशी बसून निखाऱ्यावर दोन बोंबील टाकले आणि आतल्या खोलीतल्या योगिताशी बोलत बसले.

"मावशी, जळतंय!" योगिता आतून ओरडली.

मी खाली पाहिलं. बोंबील माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होते आणि कोळसा झाले होते. धूर डोळ्यांना झोंबत होता.

"बंदरची असून बोंबील जाळतेस," रखमी हसत आत आली. "तुजं नाक म्हातारं झालं बघ."

मीही हसले. दुसरे दोन भाजले आणि आम्ही एका ताटात बसून जेवलो.

परतताना टोपलीत थोडा जवळा उरला होता. तलासरी मागे पडली, महामार्ग लागला, तसा दिपक कुरकुरायला लागला.

"मावशी, ती टोपली मागे ठेव ना. वासाने डोकं उठलं."

"कसला वास? रिकामी तर आहे," मी खेकसले.

बोलून झालं आणि मी खाली पाहिलं. टोपली माझ्या मांडीवर होती. त्या टोपलीच्या वासावरून लोक मला न बघता ओळखतात. मी मास्क काढून टोपलीत तोंड घातलं. जवळ्याची मूठ कुस्करून नाकाशी धरली. काही नाही. नाक चोंदलेलं नव्हतं, श्वास मोकळा चालला होता, फक्त त्या श्वासात काही येत नव्हतं. दिपकच्या देवापुढची अगरबत्ती जळत होती, तिच्यावर वाकले. धुराने ठसका लागला, पण वास नाही.

वास जातो म्हणजे काय असतं ते मला माहीत होतं. नळावर मीच बायकांना सांगत होते. सुरजचा उन्हाचा ताप आठवला.

चारोटीला हॉटेलांची शटरं अर्धी खाली होती. दिपक चहा आणायला उतरला. मी टेम्पोत बसून राहिले आणि खरं सांगते, पहिला विचार चांगला आला नाही. गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? सांगितलं तर त्या पाड्यावर माझे पाय कायमचे बंद. माझेच कशाला, आमच्या आळीतल्या दहा-बारा बाया डोंगरात मासळी नेतात, त्यांनाही कुणी बांबूच्या आत घेणार नाही. आणि रखमी! चार लोकांसमोर तिने शब्द दिला होता. मी तोंड उघडलं की त्या पाड्यात तिचं तोंड बंद.

पण संध्याकाळी रखमी पाय पसरून बसणार होती आणि त्या पोराला पायांवर घेऊन न्हाऊ घालणार होती. उद्याही, परवाही. पाड्यावर रेंज नाही, घरातला एकुलता फोन तिचा मुलगा कामावर घेऊन गेलेला. निरोप जाण्याचा रस्ताच नव्हता. मी जायचं किंवा काहीच करायचं नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

दिपक दोन कप घेऊन आला.

"दिपक, मला वास येत नाही. कसलाच नाही. मला परत पाड्यावर सोड."

त्याने माझा कप रस्त्याकडेच्या दगडावर ठेवला आणि चार पावलं मागे सरकला. हंडा उचलून मागे सरकणारी मी मला तिथे समोर दिसली.

"मावशी, माझ्या घरात आई आहे गं."

"मी पुढे बसत नाही. मागे, फाळक्याला टेकून बसते."

 मग त्याने पुढच्या दोन्ही काचा पूर्ण उघडल्या, तोंडावरचा रुमाल घट्ट बांधला आणि गाडी वळवली. भर उन्हात मागच्या तापलेल्या पत्र्यावर बसून मी परत गेले. वाटेत दोनदा वाटलं, फाळका ठोकून त्याला थांबवावं.

मी बांबूपासून लांब, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले.

"सुक्या, जवळ येऊ नको. रखमीला बोलव. सगळ्यांना बोलव."

माणसं जमली. माझा आवाज नळावर तीन आळ्या ऐकतात, त्या दिवशी तो अख्ख्या पाड्याने ऐकला. सगळं सांगितलं. वास गेलाय, घरात मुलाला ताप येऊन गेलाय, ज्यांच्या घरी मी गेले त्यांनी वेगळं राहा, प्रगतीताईला कळवा. प्रगती त्यांची आशा सेविका.

 रखमी गर्दीतून पुढे आली. बांबूला धरून उभी राहिली.

"बाळाला घेतलंस तवा तोंड बांधलेलं होतं ना?"

ती मला विचारत नव्हती, विनवत होती. 'होतं' म्हणणं किती सोपं होतं! ती तेव्हा पाण्याला गेलेली, योगिता आतल्या खोलीत. बघितलं होतं फक्त त्या बारा दिवसांच्या पोराने.

"नव्हतं," मी म्हणाले. "काढलं होतं. गालाला गाल लावला मी त्याच्या."

गर्दीच्या मागून योगिताच्या रडण्याचा आवाज आला. रखमीने डोळेसुद्धा हलवले नाहीत.

"तूच बोललेलीस, काय झालं तर मना विचारा," सुक्या तिला म्हणाला. "आता सांग."

रखमी वळली आणि घराकडे गेली. मग पाड्यातून पिशव्या यायला लागल्या. मी विकलेला बोंबील, जवळा, सगळा एकेकाने आणून बांबूवरून रस्त्यावर फेकला. एक बोंबील माझ्या पायाशी येऊन पडला. मी मोजत होते, स्वतःला थांबवता येत नव्हतं. सात घरांची मासळी परत आली. रखमीची आली नाही.

डहाणूत तपासणी झाली, मी पॉझिटिव्ह निघाले. सुरजही. सोळा दिवस घरात कोंडून होते. चंद्रिका रोज संध्याकाळी दारासमोर, दहा हातांवर उभी राहून ओरडायची, "जमना, हायस का गेलीस?" माझ्याच आवाजात, माझी नक्कल करून. मी आतून शिवी द्यायचे, की ती समाधानाने जायची.

पाड्याची खबर दिपक आणायचा. रखमी त्याच दुपारी घोंगडी घेऊन शेतावरच्या झोपडीत राहायला गेली होती. स्वतःचं ताट, स्वतःचा हंडा. बाळाकडे वळूनही पाहिलं नाही. सहाव्या दिवशी तिला ताप भरला. योगिता तोंड बांधून पाजत राहिली. तिला आणि बाळाला काही झालं नाही. आठ घरांत तिघं आजारी पडले. चार दिवस रखमीला दम लागत होता, आणि ते चार दिवस मी भाताचा घास गिळू शकले नाही. पुढे ती उठली. मी सहा वेळा दिपकबरोबर निरोप पाठवला. तिचा एकही आला नाही.

पुढच्या वर्षीचा मे आला. मी जाणार नव्हते. दिपकच म्हणाला, चल, लांबून बघून येऊ. टोपली घेतली, एवढ्या वर्षांची सवय. आडवे बांबू कधीच सुटले होते, पण ते जिथे होते तिथे माझे पाय थांबले. सुक्या ओसरीत बसला होता. त्याने मला पाहिलं आणि आत कुणाला तरी हाक मारली.

रखमी आली. वाळली होती. कडेवर वर्षाचा मुलगा, कमरेला करगोटा, हातात भाकरीचा तुकडा. माझ्यासमोर येऊन तिने त्याला दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"घे."

"नको गं," मी मागे सरकले. "मला नको देऊस."

"घे बोलतेय ना." तिचा आवाज कडक होता, मग फुटला. "मना अजून वास नाय येत. त्या तापात गेला तो गेला. भात जळला तरी समजत नाय. ह्या पोराला रोज न्हाऊ घालते, नी त्याच्या डोक्याचा वास कसा हाय ते मना ठावं नाय."

माझ्याकडून गेलेलं ते. माझं नाक महिन्याभरात परत आलं होतं आणि तिचं वर्षभर गेलेलं होतं. मला माफ कर, म्हणायला मी तोंड उघडलं.

"ते रडगाणं नको," रखमी म्हणाली. "वास घे नी सांग."

मी टोपली खाली ठेवली. मास्क काढला. मुलाला घेतलं, त्याच्या केसांत नाक घातलं आणि या वेळी सगळं आलं.

"तेलाचा आहे," मी म्हणाले. "चुलीच्या धुराचा. खाली घामाचा, आंबूस, कोवळा. आणि कानामागे दुधाचा आहे गं, अजून आहे."

रखमी त्याच्या केसांकडे बघत होती.

"परत सांग," ती म्हणाली.