कोंडाजीमामांचं नाव

ललितच्या मित्रांत माझं नाव म्हणजे दातांतली फट. समोरच्या दातांवर बोट टेकवलं की झाली मंजुषा. बहिऱ्या माणसांत हे असंच चालतं. डोळ्यांत पहिलं जे भरेल ते नाव, आणि नाव मिळालं म्हणजे तुम्ही त्यांच्यातले झालात. मीही आधी फुगून बसले होते, हे कबूल करते.

माझ्या भावाला, ललितला, जन्मापासून ऐकू येत नाही. सातपूरला कारखान्यात कामाला आहे आणि भलता चेष्टेखोर. त्याच्या विनोदांचं मराठी करताना निम्मं मी गाळते, कारण कानवाल्यांना ते उद्धट वाटतं. मखमलाबादच्या फुलमळ्यातली भाग्यश्रीही बहिरी. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, अडलं होतं तिच्या वडिलांच्या, कोंडाजीमामांच्या, होकारापाशी. मामांचा एक पाय पोलिओने आखूड. हातांची भाषा ते कधी शिकले नाहीत. लेकीशी बोलणं म्हणजे जेव, झोप, चल, एवढंच.

आम्ही बोलणी करायला गेलो. चहा झाल्यावर मामा ललितच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोरगा लय हसरा हाय." ललित खूश झाला आणि त्याने तिथल्या तिथे त्यांना नाव दिलं: तळहातावर दोन बोटं, लंगडत चालणारी. भाग्यश्री पोट धरून हसली.

भाषा येत नसली तरी लंगडणं मामांना ओळखता येत होतं. "काय म्हनतो त्यो?" त्यांनी मला विचारलं.

मी घाबरले. "काही नाही, सहज," म्हणाले. मेलं माझं तोंड. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर कदाचित निभावलं असतं. मामांनी हात जोडले आणि आम्हाला वाटेला लावलं.

ललित आठवडाभर धड जेवला नाही. "मी त्यांना आपलं म्हटलं, यात चुकलं काय?" हेच हातांनी विचारत राहिला. शेवटी मी एकटीच मखमलाबादला गेले. भाग्यश्रीने आधी मला बाजूला घेऊन सांगितलं, ती का हसली ते. ललितने दिलेलं नाव हुबेहूब तिने ठेवलेलंच निघालं. आठ वर्षांची असल्यापासून, शाळेत, मैत्रिणींत, वडिलांसाठी तिची हीच खूण. घरी कोणाला कळत नाही म्हणून त्यांच्यापुढे कधी केली नव्हती. मला वाटलं, जिंकलो. हे ऐकून कुठला बाप विरघळणार नाही?

मी मामांना सगळं सांगितलं. फुलं निवडणारे त्यांचे हात थांबले.

"म्हंजे लहानपनापासून?"

"मामा, ते प्रेमाचं असतं. त्यांच्यात..."

"बाजारात लंगड्या म्हनतात, त्याचं मला काय नाय. घरी आलं का वाटायचं, हितं तरी कोनी म्हनत नाय."

मी बोलत राहिले, पण ते ऐकत नव्हते. तेवढ्यात भाग्यश्री त्यांच्यासमोर येऊन बसली. तिने आयुष्यात पहिल्यांदा वडिलांना त्यांच्या नावाने हाक मारली, तळहातावर दोन बोटं चालवून, अगदी हळू. मामांनी मान फिरवली. त्यांचा चेहरा दिसावा म्हणून ती उठून पलीकडे जाऊन बसली आणि पुन्हा हाक मारली. त्यांनी डोळे मिटून घेतले.